गोव्यातलं बंद घर: राखणदार ठेवावा की कुलूपच बरं?

माडाखाली
बार्देशात आजोबांचं घर आहे. आम्ही लंडनला, घर सहा वर्षं बंद. मे महिन्यात गेलो तर मागच्या पडवीत कुणाचीतरी चूल, दोरीवर कपडे. समजावल्यावर गेले बिचारे, पण माझी झोप गेली ती गेलीच. काका म्हणतात, माणूस ठेव. मला वाटतं, माणूस ठेवणं म्हणजे आपल्याच हातानं मुंडकार (मालकाच्या जागेत राहणारा, ज्याला कायद्यानं सहज काढता येत नाही) आणून बसवणं.

कुळागर
ही भीती ऐकीव आहे. १९७५च्या मुंडकार कायद्यात घर राखायला ठेवलेला माणूस मुंडकार ठरतच नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानंही बहिणीच्या गोव्यातल्या घरात राहणाऱ्या भावाच्या खटल्यात तेच सांगितलं: राखणदार कितीही वर्षं राहो, हक्क लागत नाही. उलट बंद घरात कुणी घुसून बारा वर्षं उघड ताबा ठेवला, तर तुमचाच दावा मुदतीबाहेर जातो.

माडाखाली
मान्य. पण मामलतदारापुढे तारखांना कोण उभं राहणार? मी रजा काढून?

दर्यावर्दी
दोघंही दारापाशीच भांडताय. चोर कागदातून शिरतो. २०२२ला सरकारनं जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमला, तो खोट्या दस्तांमुळे. मालक वारलेला किंवा परदेशात, हेच हेरलेलं. कुलूप शाबूत आणि घर दुसऱ्याच्या नावावर! एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातली जमिनीची हक्कनोंद, कुणाच्या नावावर आहे?

माडाखाली
आजोबांच्याच. वारस सहा. दोघं कॅनडात, एक आमच्याशी बोलत नाही.

दर्यावर्दी
मग पडवीतल्या चुलीपेक्षा हे भयंकर. आधी वारस नोंदवून घ्या. तोवर उतारा मधूनमधून काढून बघत राहा.

पोफळी
एवढी यातायात कशाला? विकून मोकळे व्हा.

माडाखाली
सहा सह्या तुम्ही आणून देता का, ताई? 😀

कुळागर
विकू नका. माणूस ठेवा, पण राखणदार म्हणूनच, लेखी करारानं. पगार बँकेतून द्या, वीज-पाण्याची बिलं स्वतःच्या नावावर ठेवा. त्याच्या रेशनकार्डावर तुमच्या घराचा पत्ता चढू देऊ नका. आमच्या वाड्यावर एकानं नुसत्या तोंडी भरवशावर माणूस ठेवला, तो अजून तारखा मोजतोय. कायदा बाजूनं होता, हातात कागद नव्हता.

माडाखाली
बरं, काकांना मुखत्यारपत्र देतो. राखणदाराचं त्यांनी बघावं.

दर्यावर्दी
द्या, पण विक्रीचा अधिकार वगळून. काका कितीही चांगले असले तरी.