भाऊ कामावर जाण्याइतका सावरला आहे, हे कशावरून ठरवावे?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर):
माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा असून त्याला सात वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गेले दीड वर्ष गोळ्या नियमित सुरू आहेत, घरचा बाजारहाट तोच करतो आणि आता ‘मला कामाला जायचे आहे’ असे स्वतःहून म्हणतो. दिव्यांग प्रमाणपत्रावर 50 टक्के लिहिलेले असल्याने वडिलांना धीर होत नाही; अक्कलकोट रोड एमआयडीसीतील ओळखीचे टॉवेल कारखानदार ‘डॉक्टरांची चिठ्ठी आणा’ एवढेच सांगतात. त्याची तयारी कशी तपासावी?

उत्तर 1 (मानसोपचार विभागात काम केलेली समाजकार्यकर्ती):
ताई, तो आकडा ‘आयडियाज’ या मापनश्रेणीतून येतो. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींचे गुण व आजाराचा कालावधी मिळून तो ठरतो. 40 टक्के किंवा अधिक असल्यास 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील आरक्षणासारखे लाभ मिळू शकतात. मात्र कोणते काम जमेल, हे त्यावरून कळत नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात ‘आधी नोकरी, मग तिथेच प्रशिक्षण’ अशी पद्धत रुजली, आणि तिच्यात आजाराचे नाव किंवा तीव्रता न पाहता काम करण्याची इच्छा हीच अट मानतात. ती अट तुमच्या भावाने पुरी केली आहे. म्हणून ‘तो तयार आहे का’ याऐवजी ‘कोणते काम, किती तास, कोणत्या वेळी’ असे विचारावे, असे मला मनापासून वाटते. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी कधी उतरते, हे आठवडाभर लिहून ठेवा व डॉक्टरांना दाखवा. गुंगी असताना चालत्या मागाजवळ उभे राहणे धोक्याचे आहे. घडी घालणे, तपासणी, पॅकिंग ही कामे त्या मानाने शांत असतात.

उत्तर 2:
मला स्वतःला बायपोलर आजार आहे. पहिल्याच आठवड्यात मी पूर्ण पाळी धरली, झोप तुटली आणि महिन्याभरात काम सुटले. झोप कमी होणे ही माझी पहिली खूण आहे. दुसऱ्या नोकरीत ती मी मुकादमांना सांगून ठेवली, आणि ती नोकरी चार वर्षे टिकली आहे. मालकांना काय सांगायचे, हे मात्र भावालाच ठरवू द्या.

प्रश्नकर्ती:
आठवडाभर नोंद ठेवली. साडेनऊपर्यंत त्याला जडपणा असतो. त्याच्या संमतीने मालकांशी बोलले. सोमवारपासून 11 ते 3, पॅकिंगमध्ये. विभाग त्याने स्वतः निवडला.