मॅक्ग्रेगर किती, हे आडनावावरून ठरते का?

धागालेखक : मॅक्ग्रेगर हे स्कॉटिश आडनाव आज कॅनडापासून न्यूझीलंडपर्यंत आढळते, पण खुद्द स्कॉटलंडमध्ये ते मॅकडोनाल्डइतके पावलोपावली भेटत नाही. कूळ (क्लॅन, म्हणजे एका सरदाराखालचा गोतावळा) लहान होते म्हणून असे झाले, हे मला पटत नाही. नावावरच घाला घातला गेला होता. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूइनच्या खोऱ्यात मॅक्ग्रेगरांनी कहून कुळाची मोठी कत्तल केली आणि एप्रिलमध्ये, स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स लंडनला निघण्याच्या बेतात असताना, हे आडनाव लावणाऱ्यास देहदंड ठरवण्यात आला. पुढच्या हुकमांनी शस्त्रेही काढून घेतली. जेवताना लागणारी बिनटोकाची सुरी तेवढी जवळ ठेवण्याची मुभा उरली. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा लादली गेली आणि कायमची रद्द झाली ती १७७४ मध्ये. मधल्या पिढ्या कॅम्पबेल, ड्रमंड, मरे, स्ट्यूअर्ट म्हणून जगल्या. याच कुळातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय यानेही आईचे कॅम्पबेल हे आडनाव वापरले. तेव्हा आजच्या कितीतरी ड्रमंडांना आणि मरे आडनावाच्या लोकांना मी मॅक्ग्रेगरच मानतो.

प्रतिसाद १ : बंदीची हकिगत खरी आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. 'मॅक ग्रिगर' म्हणजे ग्रेगरचा मुलगा, एवढाच त्याचा गेलिक (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील भाषा) अर्थ; मुलीसाठी 'मॅक'च्या जागी 'निक' येई. ग्रेगर हे मूळ ग्रीक नाव, अर्थ 'जागरूक', आणि त्या नावाच्या पोपांमुळे ते युरोपभर पसरले. डोंगराळ भागातील सामान्य माणूस बापाचे, आजोबांचे नाव सांगून ओळख देत असे. कायमचे आडनाव तिथे फार उशिरा रुजले, आणि सरदाराच्या आश्रयाला आलेली इतर कुटुंबेही त्याचेच नाव लावू लागली. जिथे मॅक्ग्रेगर लावणारेच सगळे एका रक्ताचे नव्हते, तिथे ड्रमंडांना त्यांच्यात ओढणे कोणत्या आधारावर? नॉर्वेचे संगीतकार ग्रीग यांच्या स्कॉटिश पूर्वजांचे आडनाव ग्रेग होते. तेही ग्रेगरीचेच लघुरूप आहे, पण तेवढ्यावरून ते मॅक्ग्रेगर ठरत नाहीत.

धागालेखक : रक्ताचा मुद्दा मी मान्य करतो, आणि 'मानतो' हा शब्द 'असू शकतील' असा वाचावा. पण आडनाव म्हणजे केवळ रक्त नव्हे, ते सांगण्याची इच्छाही असते. बंदी उठल्यावर ८२६ जणांनी सही करून जॉन मरे यांना कुळप्रमुख मानले. हे मरे बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होते, आणि मॅक्ग्रेगर हे आडनाव त्यांच्या घराण्याने १८२२ मध्ये राजपरवान्याने परत घेतले. पिढ्यानपिढ्या दुसऱ्या नावाखाली राहिलेली माणसे सही करायला पुढे येतात, याला मी पुरावा समजतो.

प्रतिसाद २ : त्याच वेळी कितीतरी घरे पुढे आलीही नाहीत, हेही लक्षात घ्यावे. तीन-चार पिढ्या ज्या नावाने जमीन कसली, लग्ने लावली, तेच त्यांचे खरे आडनाव झाले होते. स्कॉटलंडमधल्या बल्व्हिडर गावच्या दफनभूमीत रॉब रॉयच्या थडग्यावर नंतर कोरलेल्या शब्दांचा अर्थ 'त्यांच्या नाकावर टिच्चून मॅक्ग्रेगर' असा आहे. तो अभिमान मला मोलाचा वाटतो. मात्र कॅम्पबेल म्हणूनच मेलेल्या शेतकऱ्याने तो मागितला नव्हता, म्हणून त्याला त्याच्या नावानेच मोजावे.