मदत हवी आहे: अपग्रेडनंतर टीव्हीवर चित्र नीट बसत नाही, लवकर सांगा

खानावळ_मालवण
अपग्रेड केल्यापासून गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीवर चित्र नीट बसत नाही. एक स्क्रिप्ट होती, ती चालवली की बरोबर व्हायचं. आता काहीच होत नाही. टीव्हीवर मासळीच्या थाळीचे दर लावतो. सुरमईचा भाव लिलावावर ठरतो, रोज बदलतो. नाताळची गर्दी तोंडावर आहे. वर्षाचे पैसे भरून एका कंपनीचा सपोर्ट घेतलाय. त्यांनी "ही पद्धत बंद झाली, टीव्ही बदला" म्हणून तक्रार मिटवून टाकली. टीव्ही उत्तम चालतोय, मी का बदलू?

दर्यावर्दी
कुठलं लिनक्स, कुठली आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड कुठलं? आणि "नीट बसत नाही" म्हणजे नेमकं काय? कडा कापल्या जातात, ताणलं जातं, की पडदा काळा?

खानावळ_मालवण
उबंटू. एचडीएमआयने जोडलंय. सगळं ताणलेलं आणि धूसर दिसतं, आकडे वाचता येत नाहीत.

कुडाळकर७
सोपं आहे. लॉगिनला नाव निवडलं की खाली उजव्या कोपऱ्यात गियर येतो, त्यात "उबंटू ऑन एक्सऑर्ग" निवडा, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा जुना प्रोग्राम एक्सऑर्ग परत येईल. माझं असंच सुटलं.

खानावळ_मालवण
गियर दिसतच नाही.

हापूस_आणि_मिंट
उबंटू काढा, मिंट टाका. मिंटचा डेस्कटॉप सिनॅमन अजून मुळात एक्सऑर्गवरच चालतो, तुमची स्क्रिप्ट जशीच्या तशी चालेल. देवगडला आमच्या पॅकिंग शेडमध्ये मिंटच आहे, इतक्या वर्षांत कुणाला फोन करावा लागला नाही.

दर्यावर्दी
ऐन हंगामात चालू धंद्याच्या मशीनवर नवी सिस्टिम टाकायला सांगू नका. गियर नाही म्हणजे आवृत्ती २५.१० असणार. त्यात ग्नोमचं, म्हणजे उबंटूच्या डेस्कटॉपचं, एक्सऑर्ग सेशन काढलंय, फक्त वेलँड ही नवी पद्धत उरलीय. स्क्रिप्टमध्ये एक्सरँडर ही रिझोल्युशन बदलणारी आज्ञा असेल तर ती आता एक्सवेलँडशी, म्हणजे वेलँडवर जुने प्रोग्राम चालवणाऱ्या दुव्याशी, बोलते, आणि त्याच्या हातात स्क्रीन नसते. नवा मोड बनवून जोडायची सोय एक्स सर्व्हरची, म्हणजे एक्सऑर्गची, होती; इथे स्क्रीनचा ताबा मटरकडे, म्हणजे ग्नोमच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, आहे. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडा. टीव्हीचं नाव दिसतं का? सर्वांत मोठं रिझोल्युशन किती दाखवतं?

सावंतवाडी_स्वातंत्र्य
हे सगळं कंपन्यांचं काम. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेली एक्स विंडो सिस्टिम, एक्सऑर्ग तिचंच रूप, लोकांनी जगवली, आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या आरएचईएल १० या लिनक्समध्ये एक्सऑर्ग सर्व्हर नसेल. मग बाकीचे त्याच वाटेने. खानावळवाल्याला विचारलं कुणी?

चिपळूण_सिसअ‍ॅडमिन
पण एक्सऑर्गचा बराचसा कोड लिहिणारे कंपन्यांचेच पगारी लोक होते ना? वेलँड २००८ मध्ये क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी सुरू केलं, तेव्हा तेही रेड हॅटमध्येच होते. शिवाय आरएचईएल ९ वर एक्सऑर्ग २०३२ पर्यंत सांभाळला जाणार आहे. तो सांभाळ पैसे घेणारी कंपनीच करते, गावकी नाही.

सावंतवाडी_स्वातंत्र्य
२००४ मध्ये एक्सऑर्गच्या आधीच्या एक्सफ्री८६ ने लायसन्स बदललं, तेव्हा लोक बाहेर पडून एक्सऑर्गकडे आलेच की. कोड खुला होता म्हणून ते जमलं. कंपनीचा सपोर्ट करार संपला की संपतो.

चिपळूण_सिसअ‍ॅडमिन
लोक बाहेर पडले, बरोबर; पण डिस्ट्रो, म्हणजे उबंटूसारखी तयार लिनक्सं, बनवणाऱ्या कंपन्याही त्यांच्याबरोबर आल्या म्हणून ते टिकलं. २०२५ मध्ये एक्सऑर्गचा एक्सलिब्रे नावाचा फाटा निघालाय, त्यावर कोण किती वर्षं राबतं ते बघायचं. माझं मत, खानावळीने उबंटू प्रो घ्यावं, पाच मशीनपर्यंत फुकट आहे.

दर्यावर्दी
फुकटच्या प्रोमध्ये सुरक्षेचे अपडेट मिळतात, फोन उचलणारा माणूस मिळत नाही. आणि प्रो एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या, आवृत्तीसाठी असतं, २५.१० ला त्याचा उपयोग नाही.

बाबल्या_वेंगुर्ला
अरे भांडतास कित्याक? आधी केबलीचे पिना बघा. खाऱ्या वाऱ्यान हिरवे पडतत. माझ्या दुकानात तसाच झाला होता.

खानावळ_मालवण
टीव्हीचं नाव येत नाही, "अननोन डिस्प्ले" येतं. १०२४ बाय ७६८ च्या वर काही नाही. कार्ड इंटेलचं. टीव्हीचा एचडीएमआय बंद पडलाय, म्हणून व्हीजीएला लावलाय, मध्ये कन्व्हर्टर आहे.

दर्यावर्दी
हेच हवं होतं. टीव्ही आपली माहिती, म्हणजे ईडीआयडी, कॉम्प्युटरला देतो. कन्व्हर्टर ती पुढे पाठवत नाहीये किंवा बाबल्या म्हणतात तसा पिन गेलाय. माहिती नसली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सावधपणे १०२४ बाय ७६८ वर थांबतो. तुमची स्क्रिप्ट ती उणीव भरून काढत होती. आता तेच काम थेट कर्नलला सांगा, वेलँडची अडचण येणार नाही.

इटीसी-डीफॉल्टमधल्या ग्रब फाइलमध्ये (ग्रब म्हणजे मशीन चालू होताना कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) "क्वाएट स्प्लॅश"च्या पुढे एक जागा सोडून लिहा: व्हिडिओ, बरोबरचं चिन्ह, पोर्टचं नाव, कोलन, १३६०, एक्स, ७६८, अ‍ॅटचं चिन्ह, ६०. मध्ये कुठेही जागा नको. अक्षरं-आकडे रोमन, पोर्टचं नाव सिस-क्लास-डीआरएम फोल्डरमध्ये दिसेल, सुरुवातीचं कार्ड, आकडा आणि डॅश सोडून उरलेलं तेच लहानमोठ्या अक्षरांसकट. १३६६ लिहू नका: आडव्या आकड्याला आठने भाग जावा लागतो, आणि असे जुने टीव्ही व्हीजीएवर सहसा १३६० घेतात. मग सुडो लावून अपडेट-ग्रब, आणि रीस्टार्ट.

हापूस_आणि_मिंट
मिंटवर हे काहीच करावं लागलं नसतं.

खानावळ_मालवण
टीव्ही भरून आला, आकडे स्वच्छ! गिऱ्हाईक बसलंय म्हणून थोडक्यात: मनापासून आभार. कंपनीचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे. भरू का?

चिपळूण_सिसअ‍ॅडमिन
करारात काय लिहिलंय ते आधी वाचा. कन्व्हर्टर लावलेला टीव्ही त्यात बसत नसेल तर पुढच्या वेळीही हेच उत्तर मिळेल. बिलिंगचं सॉफ्टवेअर अडलं तर हमखास येणारा माणूस हवा असेल, तर त्यासाठी पैसे देण्यात गैर नाही.

सावंतवाडी_स्वातंत्र्य
त्यातले थोडे ज्या प्रकल्पांवर तुमचं मशीन चालतं त्यांना द्या.

दर्यावर्दी
आणि २५.१० चा सांभाळ जुलै २०२६ पर्यंतच आहे. पावसाळ्यात खानावळ थंड असते, तेव्हा एलटीएसवर या. त्याआधी ग्रबची ती ओळ वहीत लिहून ठेवा.

लांजा_शिक्षक
आमच्या शाळेच्या प्रोजेक्टरलाही कन्व्हर्टर आहे, पण तिथे आवाज येत नाही. हीच ओळ टाकू का?