उबंटूवर व्हीआय: बाणाच्या कळांनी ए-बी-सी-डी उमटू लालंय, काय करावं?

बालाघाट_लातूर
लॅबच्या उबंटू (लिनक्स) मशीनवर नॅनो एडिटर चालणार नाही, व्हीआय एडिटरच वापरा म्हणून सरांचा आग्रह आहे. आय दाबून लिहायला लागलं की बाणाच्या कळांनी ए, बी, सी, डी उमटतंय. बॅकस्पेस दाबलं तरी अक्षर तिथंच. कंट्रोल-एस दाबलं की स्क्रीन गोठतो. वरून मधेच लाइट गेली की पुढच्या वेळी तीच फाइल उघडताना 'अटेन्शन' म्हणून लांबलचक मजकूर येतो. सेव्ह करून बाहेर कसं पडायचं तेही सांगा.

गोदाकाठ
भाऊ, तुमचं काही चुकत नाही. उबंटूसोबत येतो तो 'व्हिम-टायनी' (व्हीआयच्या सुधारित रूपाची, म्हणजे व्हिमची, छोटी आवृत्ती), आणि व्हीआय नावानं उघडला की तो जुन्या व्हीआयसारखा वागतो. वरचा बाण दाबला की टर्मिनल एस्केप, ओ, ए अशी तीन अक्षरं पाठवतं. जुना व्हीआय ती सुटी धरतो: एस्केपनं लेखन थांबतं, कॅपिटल ओ वर नवी ओळ उघडतो, तिच्यात ए पडतो. खालचा बाण बी, उजवा सी, डावा डी. बॅकस्पेसनं अक्षर पुसलं जातं, पण एस्केप दाबेपर्यंत दिसत राहतं.

उपाय: 'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हिम'. लॅबमध्ये सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) देत नसतील तर होम फोल्डरमध्ये 'डॉट व्हिमआरसी' फाइल करा आणि त्यात तीन ओळी टाका: 'सेट नोकम्पॅटिबल', 'सेट शोमोड', 'सेट बॅकस्पेस=इंडेंट,ईओएल,स्टार्ट'. शोमोड सोडू नका. लिहिताना खाली डावीकडं 'इन्सर्ट' दिसतं ते त्याच्यामुळंच, आणि नवख्याची निम्मी भानगड आपण कुठल्या मोडमध्ये (लिहायच्या की कमांडच्या) आहोत हे न कळण्याचीच असते.

टर्मिनल_परभणी
बाहेर पडायचं: आधी एस्केप. मग कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. बदल नको असतील तर कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. नुसतं कोलन-क्यू केलं आणि बदल बाकी असले तर 'ई ३७' येतं, तो फक्त इशारा आहे.

कंट्रोल-एसनं व्हिम बिघडत नाही, टर्मिनल पडद्यावर दाखवणं थांबवतं. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतं. कंट्रोल-झेडनं मात्र व्हिम बंद न होता मागं जातो. 'एफजी' लिहून परत आणा, नाहीतर फाइल दुसऱ्यांदा उघडताना तोच अटेन्शन येईल.

पुढं रोजच्या कामाला एक्स (अक्षर खोडा), डीडी (ओळ कापा), वायवाय (ओळ कॉपी), पी (चिकटवा), यू (मागं घ्या) एवढं पुरे. कॅप्स लॉक चालू राहिला तर 'जे' ही कळ दाबल्यावर खाली जायच्या ऐवजी दोन ओळी जोडल्या जातात, तेव्हा आधी तो दिवा बघा. जुन्या मोडमध्ये यू दोनदा दाबलं तर खोडलेलं पुन्हा खोडलं जातं, हेही ध्यानात ठेवा. पूर्ण व्हिम टाकलात तर 'व्हिमट्यूटर' चालवा, अर्ध्या तासात हात बसतो.

इन्व्हर्टर_नाही
लाइटचं. व्हिम शेजारी लपलेली डॉट-एसडब्ल्यूपी (स्वॅप) फाइल ठेवतो. २०० अक्षरं टाइप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की तिच्यात लिहितो, म्हणून लाइट गेली तरी जाणारं थोडंच असतं. पूर्ण व्हिम असेल तर अटेन्शनमध्ये आधी प्रोसेसची ओळ वाचा. 'स्टिल रनिंग' असेल तर फाइल दुसरीकडं उघडी आहे, क्यू दाबून बाहेर या. नसेल तर आर दाबा, मजकूर तपासा, कोलन-डब्ल्यूनं सेव्ह करा. मग फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि डी दाबून स्वॅप काढून टाका. आरच्या आधी डी दाबलं तर परत आणायला काही उरत नाही!

बालाघाट_लातूर
बाण चालू लागले, लई आभार. कोडमध्ये मराठी कॉमेंट लिहिल्यावर मात्र एस्केप दाबून काहीच होईना.

गोदाकाठ
इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्ड) चालू राहिलंय. एस्केप पोचतो, पण त्यानंतर आयच्या कळीवर ग जातो आणि कोलनच्या जागी छ. सुपर (विंडोजची कळ) आणि स्पेसनं कीबोर्ड इंग्रजी करून मग कमांड द्या. मराठीत एक्स मात्रेसकट अक्षर खोडतो, पण जोडाक्षर एका दमात जात नाही: 'क्ष'वर क् जाऊन ष उरतो, आणखी एकदा दाबा.