वर्षभर परदेश, पदरात दोन पोरं: ‘मुलांसाठी जातोय’ म्हणणं आता पुरे

उंबरठ्यावरची
सकाळपासून चार ग्रुपांवर एकच पोस्ट फिरतेय. ‘पाचच्या आतली मुलं असतील तर डोळे मिटून एक वर्ष परदेशात जा. मुलं पंधरा दिवसांत रुळतात, भाषा स्पंजासारखी शोषतात, ही शिदोरी त्यांना जन्मभर पुरते.’ खाली दोनशे बदाम.

आम्ही जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नवऱ्याची संशोधनाची एक वर्षाची नेमणूक, हेलसिंकी. मुलगी सहाची, मुलगा पावणेतीनचा.

पंधरा दिवसांत फार तर झोपेचं घड्याळ लागतं. मुलगा पाळणाघरात साडेतीन महिने अवाक्षर बोलला नाही. घरी धबधबा आणि तिथे दारात जॅकेटची चेन उघडली की तोंडाला कुलूप. तिथल्या बाई म्हणाल्या, घाबरू नका, नव्या भाषेत पडलेली मुलं आधी नुसतं ऐकतात, असं पुष्कळदा होतं. खरं असेल. पण शू लागली हेही त्याला सांगता यायचं नाही. रोज संध्याकाळी खुंटीवरच्या त्याच्या पिशवीत गाठ मारलेली ओली चड्डी. नंतर फिनिश आलं, फाडफाड आलं, आणि परतल्यावर सहा महिन्यांत साफ पुसलं गेलं. आज त्याला एक ते दहा विचारा, माझ्याकडे बघत राहतो.

मुलीचं वेगळंच. फिनलंडमध्ये पहिली सातव्या वर्षी. सहाव्या वर्षी पूर्वतयारीचा वर्ग, म्हणजे बराचसा चिखल आणि झाडं. वर्ष मजेत गेलं. परत आलो तर इथल्या वर्गातली मुलं पानपान लिहीत होती आणि ही अक्षराला अक्षर जुळवत होती. पहिल्या चाचणीनंतर विचारलं, ‘आई, मी ढ झाले का गं?’

डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड आणि जूनमध्ये पावणेअकराला सूर्यास्त, हे तर मी धरतही नाही.

मला ते वर्ष आवडलं, हे आधीच सांगते. नवऱ्याला काम हवं होतं, मला घरच्या रहाटगाडग्यातून सुटका. मग तसंच म्हणा ना. मुलांच्या नावावर कशाला खपवता?

फिरस्ता_बाबा
मूळ पोस्ट माझीच. बदाम दोनशे चाळीस झालेत, रच्याकने.

ताई, नवीन पाळणाघरात ओली चड्डी पुढच्या गल्लीत घर बदललं तरी होते. त्यासाठी फिनलंडला दोष नको. आम्ही इंग्लंडला गेलो तेव्हा मुलगी चार पूर्ण. तिकडे चार झाले की सप्टेंबरपासून शाळा. सहाव्या आठवड्यात ती मैत्रिणीशी इंग्रजीत भांडली, मी स्वतः ऐकलं.

आणि शिदोरी म्हणजे भाषा नव्हेच. इकडे मी रात्री आठच्या आत कधी घरी नसायचो. तिकडे वर्षभर रोज सकाळी तिचा हात धरून वीस मिनिटं चालत शाळेत सोडलं. वाटेत एका घराच्या कुंपणावर मांजर बसायचं, त्याला नमस्कार केल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम होता. हे मला इथे मिळालं असतं?

खडूस
म्हणजे तुम्हाला मिळालं. तेच तर उंबरठ्यावरची म्हणतायत.

तीन-साडेतीनच्या आधीचं बहुतेकांना मोठेपणी आठवत नाही. आणि भाषा जाते म्हणजे कशी जाते ते पाहा: तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेली मुलं मोठी झाल्यावर तपासली. २००३ साली ते संशोधन छापून आलं. कोरियन वाक्यं ओळखण्यात ती जन्माने फ्रेंच असलेल्यांपेक्षा तसूभरही सरस नव्हती. तुमचं एक वर्षाचं इंग्रजी कुठे टिकायला!

फिरस्ता_बाबा
अहो, दत्तक मुलांची जुनी भाषा पूर्ण तुटलेली. घर, आईवडील, सगळंच बदललेलं. आमच्या घरात घरचीच भाषा चालू होती. कुठलं उदाहरण कुठे लावताय?

खडूस
मान्य, ताणलं. पण स्पंज तुम्हीच आणलात. स्पंज पिळला की कोरडा होतो, हेही पोस्टमध्ये लिहायचं होतं.

परावलंबी_व्हिसा
सगळे मुलांवर बोलतायत. जोडीदाराचं कोण बोलणार? आम्ही अमेरिकेत होतो. नवरा जे-१ वर (पाहुण्या संशोधकांचा वगैरे व्हिसा), मी जे-२ (त्यांच्या जोडीदाराचा). जे-२ ला कामाचा परवाना मागता येतो, पण तिकडे पोचल्यावर. माझा हातात पडला तेव्हा परतीला साडेचार महिने उरलेले. मला कोण ठेवून घेणार होतं? एच-४ ची, म्हणजे एच-१बी नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या जोडीदारांची, गत याहून वाईट. तो परवाना २०१५ पासून मिळतो खरा, पण ग्रीन कार्डाच्या रांगेत बरेच पुढे गेलेल्यांच्या जोडीदारांना. वर्षभरासाठी गेलेल्यांना नाहीच. वर काही जे-१ वाल्यांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते, ती जे-२ लाही लागते. सही करण्याआधी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

‘मुलांसोबत छान वेळ मिळाला असेल ना’ असं मला अजून विचारतात. मिळाला. इतका की बाथरूमचं दार लावून आत बसायचे.

उंबरठ्यावरची
+१. बाथरूमच्या दाराला +१००.

कानदुखी
भाषा नि व्हिसा ठेवा बाजूला. आजारपणाचं कुणी बोलत नाही. आम्ही नेदरलँड्समध्ये. मुलगा साडेतीनचा. कान दुखतोय, ताप एकोणचाळीस. हाउसआर्ट्सकडे (तिथला फॅमिली डॉक्टर) गेलो: पॅरासिटमॉल द्या. दोन दिवसांनी पुन्हा गेलो: पॅरासिटमॉल द्या. तिसऱ्या दिवशी रात्री दोनला उशी ओली, कानातून पिवळं पाणी. सकाळी गेलो. काय दिलं असेल? पॅरासिटमॉल. आपल्याकडे पहिल्याच दिवशी औषध मिळून पोरगं खेळायला लागलं असतं. असली ‘प्रगत’ आरोग्यसेवा त्यांनाच लखलाभ.

गोळीवाला
बालरोगतज्ज्ञ आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. पहिल्या दोन भेटींत त्यांनी बरोबर केलं. मधल्या कानाचा संसर्ग बहुतेक मुलांत साधारण तीन दिवसांत आपोआप उतरतो, अँटिबायोटिक द्या वा नका देऊ. सर्दी विषाणूंची, त्यावर ते चालतच नाही. ‘पहिल्याच दिवशी औषध’ ही आपली वाईट खोड आहे आणि ती लावण्यात माझे व्यवसायबंधूही सामील आहेत.

रच्याकने, लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात. पाळणाघर नवीन असेल तर जास्तच. म्हणजे तुमच्या त्या सोनेरी वर्षातला मोठा भाग शेंबूड पुसण्यात जाणार, हे धरूनच निघा.

कानदुखी
डॉक्टरसाहेब, रात्री दोनला तुम्ही नव्हतात तिथे. फोनवर बाई विचारतेय ‘मूल पाणी पितंय का?’ पितंय म्हटलं की ‘मग सकाळी या’. आकडेवारी सांगायला काय जातं? स्वतःच्या पोराच्या कानातून पाणी आलं असतं तर खिशातून चिठ्ठी काढून लिहून दिली असतीत.

गोळीवाला
माझ्या मुलीचा कान दोनदा फुटलाय. दोन्ही वेळा पडदा आपोआप भरला. वैयक्तिक होऊ नका.

कानदुखी
वैयक्तिक कोण झालं? ‘वाईट खोड’ कुणाला म्हणालात?

खडूस
अवांतर: धागा परदेशाचा होता, कानात शिरला.

गोळीवाला
बरं, एक कबूल करतो. कान वाहायला लागला असेल, किंवा दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान धरले असतील, तर अँटिबायोटिकचा विचार करावा असं युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. तुमच्या तिसऱ्या भेटीत तो व्हायला हवा होता. झालं समाधान?

कानदुखी
अर्धं.

सुईवाली
लसींचं कार्ड! हे कुणीच लिहिलं नाही. मुलीचा वाढदिवस २० जून. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस पहिल्या वाढदिवसानंतर चौदा दिवसांनी, कार्डावर लिहिलेलं ०४/०७. अमेरिकेतल्या नर्सने वाचलं सात एप्रिल. त्यांच्याकडे महिना आधी ना! म्हणजे मूल साडेनऊ महिन्यांचं, आणि वर्षाच्या आत दिलेला डोस तिकडे शाळा धरत नाही. पुन्हा टोचा. मी त्याच कार्डावरची २० तारीख दाखवून म्हणतेय, विसावा महिना असतो का हो? बाई हसल्या आणि सुई काढली. तेव्हा घरच्या डॉक्टरांकडून महिना अक्षरात लिहून घ्या. दंडावर बीसीजीचा वण असेल तर क्षयाची त्वचा चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताची मागा. जर्मनीत २०२० पासून गोवराच्या लसीच्या पुराव्याशिवाय पाळणाघरात घेत नाहीत. हौसेने जाताय, जा, पण कागद घेऊन जा.

आजोबा_ऑनलाइन
नातू गेला तेव्हा दीड वर्षाचा. रोज व्हिडिओवर भेटायचो. परत आला तेव्हा विमानतळावर माझ्याकडे न येता माझ्या हातातल्या फोनकडे बघून ‘आबा’ म्हणाला. वाद घालायचा नाही, नोंदवून ठेवतो.

फिरस्ता_बाबा
काका, यावर बोलायला माझ्याकडे काही नाही.
पोस्टमधले ‘पंधरा दिवस’ काढून ‘काही आठवडे’ केलेत. ‘डोळे मिटून’ पण काढलं. ‘शिदोरी’ राहणार.

उंबरठ्यावरची
मोठी कृपा. ‘मुलांना’च्या जागी ‘आम्हाला’ करा, मीही बदाम देते.

पुढच्या_मंगळवारी
सहा दिवसांनी निघतोय, मुलगा तीनचा. हे सगळं वाचून पोटात गोळा आलाय, पण तिकिटं काढून झाली. तापाचं सिरप हातातल्या बॅगेत चालतं का? शंभर मिलीच्या वर आहे.

गोळीवाला
मुलाचं औषध प्रवासात लागेल इतकं बहुतेक ठिकाणी चालतं, तपासणीला वेगळं काढून दाखवा, चिठ्ठी जवळ ठेवा. घोळ पुढे होतो. ही बाटली संपली की तिकडची घ्याल आणि सवयीने इकडच्याच मापाने द्याल. ब्रिटनमध्ये लहानांच्या पॅरासिटमॉलमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, अमेरिकेत १६०. निघण्याआधी मुलाचं वजन करा, डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, जुनं टोपण फेकून द्या.

कानदुखी
हे मात्र कामाचं बोललात.

उंबरठ्यावरची
आणि पाळणाघराच्या पिशवीत चड्ड्या जास्तीच्या ठेवा. पहिले साडेतीन महिने तरी.

फिरस्ता_बाबा
पंधरा दिवस पुरे.