मदत हवी आहे: धार लावायच्या दगडावर कोणतं तेल घालावं?

दगड कार्बोरंडमचा (म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, एक कठीण कृत्रिम पदार्थ), ८ इंची, एक बाजू भरड आणि दुसरी बारीक. आजवर त्यावर शेंगदाणा तेल पडत आलंय. आता पृष्ठभाग तपकिरी, चिकट झालाय, सुरी नुसती घसरते. दगड सुधारेल का? पुढे तेल वापरावं की पाणी? विळीचं पातं साध्या पोलादाचं आहे, गंजतं.

प्रतिसाद १
दगड झिजलेला नाही, तुंबलाय. खाद्यतेलाचा पातळ थर हवेत हळूहळू सुकून राळेसारखा घट्ट होतो आणि पोलादाचा कीस त्यातच अडकतो. करडई, सूर्यफूल लवकर सुकतात, शेंगदाणा उशिरा, एवढाच फरक. खोबरेल फारसं सुकत नाही, पण २४ अंशांखाली थिजतं.

मुळात तेल घालायचं ते कीस तरंगत ठेवून छिद्रं मोकळी राहावीत म्हणून. त्यामुळे ते पातळ आणि न सुकणारं हवं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या, त्यातही ‘लाइट’ मिळालं तर उत्तम. स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी माझी पहिली पसंती तीच. शिलाई मशीनचं तेलही चालतं, मात्र नंतर पातं साबणाने धुवा. इंजिन ऑइल नको: जाड असतं, पातं त्यावर तरंगतं आणि दगडाला टेकतच नाही.

सफाईसाठी रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन किंवा रॉकेल घ्या. झाकणाच्या डब्यात दगड पूर्ण बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी ताठ ब्रशने घासा. तपकिरी गाळ सुटेल. गाळ येणं थांबेपर्यंत हेच करा, मग भांड्यांचा साबण आणि गरम पाण्याने धुवा. खिडकी उघडी ठेवा, आसपास गॅस पेटलेला नको.

प्रतिसाद २
सोड्याच्या पाण्यात दगड उकळायचा सल्ला बरेच जण देतात. तुमच्या दगडाच्या दोन बाजू चिकटवलेल्या असतील तर सांधा सुटू शकतो, तेव्हा नकोच.

वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. जिरला तर छिद्रं मोकळी झाली. मोती होऊन बसला तर आत तेल आहे. तरीही चकाकी राहिली तर सपाट जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड आणि पाणी घेऊन दगड आठच्या आकड्यात फिरवा. मधला खड्डाही त्यातच निघतो.

प्रश्नकर्ता
साफ झाल्यावर पाणी वापरलं तर?

प्रतिसाद १
थेंब जिरत असेल तर खुशाल वापरा. पण एकदा ठरवलं की बदलू नका. तेल मुरलेल्या दगडावर पाणी नुसतं ओघळतं. विळी गंजते म्हणताय, तर तेलच बरं: ८-१० थेंब, काळं झालं की फडक्याने टिपून नवं. काम संपल्यावर दगड कोरडा पुसायचा, कीस त्यावर वाळू द्यायचा नाही.

प्रतिसाद ३
पाणी घालूनच वापरायच्या जपानी दगडावर मात्र तेलाचा थेंबही नको. मऊ १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा) दगड १०-१५ मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायचा. ‘स्प्लॅश अँड गो’ लिहिलेल्यावर फक्त पाणी शिंपडायचं, तो भिजत ठेवला तर तडकू शकतो. डायमंड प्लेटला (हिऱ्याचे कण बसवलेल्या धातूच्या पट्टीला) पाण्यात साबणाचे दोन थेंब पुरतात, नंतर लगेच पुसा.