गावाहून आलो की घरचा डीएनएस बंद! (रासबेरी पाय ३ + अनबाउंड)

जुळेसोलापूरकर: नमस्कार मंडळी. जुन्या पाय ३ वर (रासबेरी पाय, तळहाताएवढा संगणक) अनबाउंड हे डीएनएस सॉफ्टवेअर टाकून घरापुरता कॅशिंग डीएनएस केलाय, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून तो लक्षात ठेवणारा सर्व्हर. राउटरच्या डीएचसीपीत (घरातल्या फोन-लॅपटॉपना नेटचे पत्ते वाटणारी सोय) डीएनएस म्हणून पायचाच पत्ता दिलाय, १९२.१६८.१.२. दोन महिने झकास चाललं. तीच साईट दुसऱ्यांदा विचारली की डिग या डीएनएस तपासायच्या कमांडमध्ये क्वेरी टाइम ० दिसतो, म्हणजे उत्तर कॅशमधून लगेच. तेवढं बघायला मी दिवसातून चारदा डिग मारतो, घरी सांगू नका.

बार्शीला सासुरवाडीत लग्न होतं, मेन स्विच पाडून बारा दिवस गेलो. काल आलो. आधी नळ बघितला (सोलापूरकरांना कारण सांगायला नको), मग नेट. एकही साईट उघडेना, सगळीकडे सर्व्हफेल ('उत्तर देता येत नाही' असा डीएनएसचा एरर). गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग मात्र जातोय, म्हणजे नेट चालू आहे. अनबाउंड तीनदा रिस्टार्ट केला, काही फरक नाही. एरवी दुपारी तास-दीड तास लाईट जाते तेव्हा असं होत नाही. नेमकं बिघडलंय काय, सांगा की राव.

टाकळीकर: राउटरमध्ये दुसरा डीएनएस ८.८.८.८ टाका, विषय संपला.

विजापूररोड: नाही संपत. दुसरा पत्ता म्हणजे स्टेपनी नव्हे. पहिला धडधाकट असतानाही काही फोन-लॅपटॉप खुशाल दुसऱ्याला विचारतात, मग कॅश कशाला केला?

जुळेसोलापूरकर, पायवर 'डेट' कमांड मारा. तारीख काय येते?

जुळेसोलापूरकर: ४ मे!! आज १६ आहे.

विजापूररोड: तरीच. पाय ३ मध्ये सेलवर चालणारं घड्याळ नसतं. बंद होण्याआधी फाइलमध्ये लिहिलेली वेळ उचलून तो उठतो. डीएनएसेकच्या (डीएनएसचं उत्तर अस्सल आहे का ते तपासायची पद्धत) डिजिटल सह्यांना 'अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत' अशी मुदत असते, आणि रूट झोनच्या (डीएनएसची सगळ्यात वरची यादी) सह्या सारख्या नव्या होतात. ४ मे समजून बसलेल्या अनबाउंडला आजची सही भविष्यातली वाटते, म्हणून तो सगळंच नाकारतो. तास-दीड तासाचा फरक तो चालवून घेतो, त्यामुळे लाईट जाऊन आली तर कळत नाही.

खरी गोम पुढे आहे. वेळ दुरुस्त करायला एनटीपी सर्व्हरचं (नेटवरून अचूक वेळ देणारा) नाव शोधावं लागतं, आणि पाय ते विचारतो स्वतःलाच. तेही सर्व्हफेल. बसा बोंबलत.

आत्ता हाताने तारीख लावा. मग टाइमसिंकडीच्या (पायची वेळ जुळवणारा प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये एनटीपीसमोर नावाऐवजी थेट आयपी द्या: २१६.२३९.३५.०. शेवटी शून्य बघून चुकलं वाटेल, पण गूगलचा टाइम सर्व्हर तोच. डीएनएसेक बंद करा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. फारच हौस असेल तर डीएस३२३१ चं घड्याळ मॉड्यूल पिनांवर बसवा.

टाकळीकर: पाय ५ घ्या, त्यात घड्याळ येतं.

विजापूररोड: येतं, पण सेल वेगळा घ्यावा लागतो.

जुळेसोलापूरकर: तारीख लावली आणि लगेच चालू! मग खात्रीसाठी आयपी टाकून मुद्दाम तारीख महिनाभर मागे नेली, रीबूट केला. मिनिटभर सर्व्हफेल, नंतर आपोआप ताळ्यावर. मॉड्यूलही मागवतोय, पुढच्या महिन्यात मेहुण्याचंही लग्न आहे.